गोदूकाकूची दुपारची झोप

पंडरीच्या बसथांब्यावर यशोधन कानात हेडफोन घालून ‘भट्टी’ बँडचा नवा अल्बम ऐकत होता. पहिल्या अल्बममध्ये घसा फाडणारी ही पोरं एवढी हळुवार कशी झाली, कोण जाणे! तेवढ्यात मागच्या बाकावरच्या दोन बायकांच्या बोलण्यात बँडचं नाव ऐकू आलं. त्यानं गाणं थांबवलं.

“गोदूकाकू, ते ‘भट्टी’वाले पोट्टे तुमच्याच वरच्या खोलीत वाजवत ना?”

“हव. काय धिंगाणा, बाई! मीच म्हटलं, दुपारी मले झोपू द्या, नाहीतर खोली खाली करा.”

“मग?”

“मग ड्रमवर माही गोधडी टाकली अन् गुणगुणू लागले. तसाच अल्बम काढला. आता दिल्लीपर्यंत गाजून राहिला म्हणे.”

“म्हणजे तुमच्या झोपेनं नाव झालं त्याहिचं!”

“झोप कुठची! इतकं गोड वाजवत, मी जिन्यात बसून ऐकत होती. एक दिवस पोहे केले, तर थांबेचनात. ओरडली, ‘बस करा रे, पोहे थंडे होऊन राहिले!’ तेही माह्याच आवाजात टाकलं मेल्यांनी शेवटच्या गाण्यात.”

यशोधन गर्रकन वळला. गडबडीत तोंडून नेहमीची हिंदीच निघाली.

“आंटी, वो आप हैं? एक बार बोलिए ना, प्लीज!”

“इथं कसं बोलू, बाबा? घरी ये. पोहे करते, मग ओरडते.”