माळ्यावरचं बिऱ्हाड

—बसा हो ताई, त्या पाटीकडे नका बघू. 'वस्तूंवर बसू नये' असं लिहिलंय ते खरं, पण ही वस्तू म्हणजे आमचा बाक आहे, माझ्या सासऱ्यांनी रंधा मारून केलेला, तुमच्या बसण्यानं त्याचं काही बिघडत नाही. गुडघे दुखतायत ना? दिसतंय की. तुमची मंडळी वर दगडी घर बघायला गेली — जाऊ दे त्यांना. चढ आहे नुसता. आणि चढून गेल्यावर काय? दगड! दगड, आणि दारात घोंगडं पांघरून बसलेला एक मेंढपाळ — ज्यानं आयुष्यात मेंढी पाहिली असेल तर ताटात. आधी विमा विकायचा तो. दारोदार फिरायचा, कुणी उभं करायचं नाही. आता लोक रांग लावून त्याच्याबरोबर फोटो काढतात. आणि तिकडे समुद्रकाठच्या घरात जाळं विणत बसलेला कोळी आहे ना, त्याला मासळीच्या वासानं मळमळतं. हसा, हसा. या वारसा उद्यानात हसायला अजून बंदी नाही.

मी? मी नदीकाठची गृहिणी. बाहेर लिहिलंय तसं. पण माझ्यात आणि त्या दोघांत फरक आहे बरं का — मी खरी आहे. हे घर आमचंच. घर उंचावर धरणारे हे खांब, ही फळ्यांची जमीन, हे गवताचं छप्पर — लग्न होऊन आले ती याच घरात, आणि अजून रोज सकाळी येतेच आहे. फक्त आता कामाला येते. स्वतःच्या स्वयंपाकघरात कामाला! चूल पेटवायची नाही — आग लागेल. पाणी सांडायचं नाही — लाकूड फुगेल. रिकाम्या भांड्यात पळी फिरवायची आणि कुणी आलं की कपाळावरचा घाम पुसायचा. घाम तेवढा खरा, कारण हा पोशाख संचालकसाहेबांनी कुठल्याशा चित्रात बघून निवडलाय. असलं जाडंभरडं अंगावर घेऊन चुलीपाशी बसायला आम्ही काय वेड्या होतो? आम्ही गाऊन घालायचो. सरळ गाऊन! पण पाटीवर तसं कसं लिहिणार — 'नदीकाठची गृहिणी, गाऊनमध्ये'?

त्या भिंतीवरून बोट फिरवा. फिरवा हो, मी सांगतेय ना. काळं लागलं? नाही लागणार. रंग आहे तो. खरी काजळी मी घासली, वर्षानुवर्षं घासली, राखेनं घासली, नखं गेली माझी त्यात — आणि घर इथे आणून उभं केल्यावर साहेब काय म्हणाले? "भिंती फार स्वच्छ दिसतात, जुनं वाटत नाही." झालं! माणूस बोलावला, बादली आणली, मारला काळा रंग. तो मारत होता आणि मी बघत उभी. बाईनं आयुष्य घालवून पुसलेलं एका दुपारात परत माखून ठेवलं, आणि त्याला म्हणायचं काय, तर जतन.

काय म्हणालात — किती छान होतं ना पूर्वीचं जगणं? हं. सगळे हेच म्हणतात. साहेबांनी तर मला बजावून ठेवलंय, "बाई, आवाजात जरा हुरहूर ठेवा." ठेवते की. 'काय सांगू, गेले ते दिवस' म्हणायचं आणि खिडकीबाहेर बघायचं. खिडकीबाहेर पार्किंग आहे. तुम्हाला म्हणून खरं सांगते — मला हे घर कधी आवडलंच नाही. पावसाळा आला की छप्पर गळायचं, फटीतून विंचू वर यायचे, खाली खांबाला साप गुंडाळून बसलेला, आणि नदी फुगली की पाठीखालच्या फळ्यांना पाणी लागायचं — आपण घरात झोपलोय की होडीत, कळायचं नाही. धुरानं डोळ्यांची वाट लागली ती वेगळीच. त्यात दरवर्षी नदी काठाचा एक लचका तोडून न्यायची. मग हे उद्यानवाले आले. घर द्या, जसंच्या तसं नेऊन उभं करतो, तुम्हाला पक्की खोली देतो, घरातल्या एकाला नोकरी देतो. आमचे हे म्हणाले, विचार करू. मी म्हटलं, कसला विचार? नदी विचार करत थांबलीय का? त्यांच्या मागे लागून लागून मीच हो म्हणायला लावलं. पस्तावा? छे हो! खोलीत गेलो त्या दिवशी मी नुसता नळ उघडत होते आणि बंद करत होते, उघडत होते आणि बंद करत होते. हे म्हणाले, लहान आहेस का? म्हटलं, हो.

सासूबाई तेवढ्या तयार नव्हत्या. घर सुटं करायला माणसं आली, खडूनं फळीफळीवर आकडे टाकले, एकेक उतरवून ट्रकमध्ये चढवायला लागले — सासूबाई तिथल्या अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या. मग छप्पर काढायला घेतलं तशी माळ्यावरची घुबडं उडाली. पांढरी असतात बघा, पत्त्यातल्या बदामासारखं तोंड — त्यांची जोडी. मी लग्न होऊन आले तेव्हाही होती, ती की तिची आजी-पणजी, कोण जाणे, पण माळा त्यांचाच. भर उन्हात बिचारी उडाली, धड दिसेना त्यांना, कावळे लागले पाठीमागे. सासूबाई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "आणि त्यांना गं कुठली खोली दिलीस?"

बस. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. बंद म्हणजे बंद! एवढीशी खोली, त्यात माझ्या अंथरुणाशेजारी त्यांचं अंथरूण, आणि बोलणार कुणाशी तर भिंतीशी. "भिंती, घोटभर पाणी मिळेल का म्हणावं." मी द्यायचे. प्यायच्या, भांडं खाली ठेवायच्या, भिंतीकडे तोंड. वर्ष-दीड वर्ष चाललं हे. मला काय, बरंच झालं! सासू बोलत नाही म्हणून कुठली सून रडलीय? मी तर नाही बाई रडले. म्हणजे — रोज नाही.

एकदा मीच त्यांना इथे घेऊन आले. म्हटलं बघा तरी, किती छान ठेवलंय. तर फाटकावर अडवलं, तिकीट काढा म्हणाले. मी म्हटलं अहो, घरमालकीण आहेत त्या. तो म्हणाला, मग ज्येष्ठ नागरिकांत बसवतो, अर्धं लागेल. स्वतःच्या घराला अर्धं तिकीट! आल्या, बसल्या, तुम्ही बसलात तिथेच बसल्या — आणि रखवालदार धावत आला, "आजी, उठा, वस्तूंवर बसायचं नाही." उठल्या. परत आल्या नाहीत.

तो होय? तो धनेश. भुसा भरलेला. खाली वाचा, 'घराभोवतीचे वन्यजीवन'. आमच्या घराभोवती कधी आला नाही तो, जंगलातल्या उंच झाडावर राहणारा पक्षी, पण साहेबांकडे एक शिल्लक होता. डोळे शर्टाच्या बटणांचे आहेत, जवळ जाऊ नका, हिरमोड होईल. आणि वर कोपऱ्यात तो कर्णा — त्यातून बेडूक ओरडतात. भर उन्हाळ्यात, पावसाचा टिपूस नसताना, डराँव डराँव! आत्ता बंद आहे.

हो, बंदच आहे. मग हा कसला आवाज म्हणता? म्हातारा घोरावा तसा? ऐकलंत तर तुम्ही. कर्ण्यातून नाही येत तो. वरून येतोय, माळ्यावरून. हळू बोला जरा. पिलं आहेत. घुबडाची. आली परत — म्हणजे तीच आली असं मी म्हणत नाही, सासूबाई म्हणतात. मी म्हणते असेल, माझं काय जातं? मला आधी फळ्यांवर पांढरे शिंतोडे दिसले, मग उंदरांची हाडं. कपाळावर हात मारला. घरी जाऊन आमच्या यांना म्हटलं, "मेली ती घुबडं तिथेही आली." आणि भिंतीकडे तोंड केलेलं अंथरूण हललं. "अंडी किती आहेत?" मला विचारलं हो! माझ्याकडे बघून! माझ्या हातातला घास हातातच.

तेव्हापासून रोजचं. मी चपला काढते न काढते तोच सुरू — डोळे उघडले का, आई उंदीर आणते का, थोरलं हिसकावून खातंय का, धाकट्याच्या पोटात काही जातंय का. घुबडांवरून मग इकडचं तिकडचं निघतं. परवा म्हणाल्या, "तुझ्या खोकल्याचं काय झालं?" लग्नापासून खोकतेय मी, ताई. लग्नापासून. पहिल्यांदा विचारलं.

आता माझी गंमत ऐका. उद्या कुणी मोठे पाहुणे येणार आहेत, म्हणून साहेब काल तयारी बघायला आले होते. इथे, याच जागी उभे राहून मला शिकवत होते — आपल्या प्रदेशातली माणसं आणि प्राणी कसे एका छपराखाली गुण्यागोविंदानं नांदायचे, हे पाहुण्यांना नीट समजावून सांगा म्हणे — आणि वरून पडला की शिंतोडा! बरोब्बर खांद्यावर! वन्यजीवन! मी ओठ चावून उभी. साहेब काळेनिळे झाले. "उद्याच्या आत माळा साफ पाहिजे!"

त्या खिडकीतून खाली बघा. हळूच. पायरीपाशी दोघं बसलेत ना, पाठीला पंप लावून? औषध मारणारे. खालून विषारी धूर सोडायचा, दारं लावून घ्यायची, सकाळी येऊन झाडून न्यायचं. दुपारपासून बसलेत. पण नियम आहे — आत पाहुणा असेल तर औषध मारायचं नाही. साहेबांनीच केलेला नियम, साहेबांचीच पाटी. तुमच्याआधी एक नवराबायको होते, त्यांना मी ही पळी कशी धरायची ते शिकवत बसले होते. कंटाळून गेले बिचारे. मग देवासारख्या तुम्ही आलात, दुखरे गुडघे घेऊन.

रागावलात? रागवा, पण बसून रागवा. वनखात्यातल्या बाईंना फोन केलाय मी. त्या म्हणाल्या, पिलं आहेत तोवर कुणाला हात लावता येणार नाही, मी निघतेय, तोपर्यंत त्यांना अडवून धरा. मी अडवून धरू? मी कोण, मी तर इथली एक वस्तू! आणि मला तरी त्या घुबडांचं काय पडलंय हो? घाणेरडी जात, दिवसभर घोरतात, पुसून पुसून कंबर मोडली माझी. पण आज घरी जाऊन सांगू काय? उडून गेली म्हणू? धाकट्याचे पंख अजून नीट फुटलेले नाहीत हे कालच सांगून बसलेय. खोटं लगेच कळतं म्हातारीला. आणि एकदा का तिनं पुन्हा तोंड भिंतीकडे केलं, तर आता या वयात ती परत वळायची नाही, आणि मग मी त्या खोलीत — जाऊ दे. नळ आहे. नळ आहे ना खोलीत.

तुमची मंडळी हाका मारतायत, ऐकू येतंय मला. मारू दे. थोडं बसा. कुणीतरी चढतंय — साहेब! — तुम्ही बोलू नका हं. — हो साहेब, पाहुण्या आहेत अजून. लांबून आल्यात, फार रस आहे त्यांना. प्रश्न नाही विचारत, नुसतं ऐकतात. हो साहेब, हुरहूर चालू आहे. आता कसं उठवू त्यांना, अभिप्रायाच्या वहीत लिहितील ना काहीतरी. हो. झालं की सांगते. — गेले. बघितलंत ना कसे बघत होते छपराकडे? तोंडावर रुमाल धरून!

थांबा. गाडी आली का हो? जीपच आहे. बाई उतरल्या, खाकी कपड्यांत. साहेब हसत पुढे गेलेत. आता हात हवेत नाचवतायत — माझ्याकडे बोट. बाई काही हसत नाहीत. बाई पंपाकडे बघतायत. साहेबांचे हात खाली आले. खिशात गेले.

पंप उचलला त्या दोघांनी.

निघाले.

...काही नाही हो, धूर गेला डोळ्यात. चूल पेटलेली नाही ते मलाही दिसतंय, बोलू नका. चला, उठा, उद्यानाची वेळ संपली, तुमचे लोक खोळंबलेत, मलाही घरी जायचंय, वाट बघणारं माणूस आहे घरी. काय? आता काय आणखी? पिलं? शिडी आहे, पण तुम्हाला नाही मिळायची. तिकीट काढलं असेल तुम्ही पूर्ण. ती प्रदर्शनात नाहीत.