चारास एक

सनवबर : वर्गात फळ्यावर एकचतुर्थांश लिहिलं असतंस तर काय हात मोडला असता तुझा?

झेबो : आई, चारास एक म्हणजे एकपंचमांश. पाटाच्या पाण्याचे चार वाटे वरच्या आळीचे, एक आपला. मिळून पाच, त्या पाचातला एक.

सनवबर : पण मिळून करायचंच कशाला? वरच्या आळीचं आणि आपलं कधी काही मिळून असतं का?

झेबो : अपूर्णांकाला अख्खं लागतं. अख्खंच नसेल तर तुकडा कशाचा म्हणायचा?

सनवबर : ते तुझ्या फळ्यावर. पाटाच्या पाण्याला माझे सासरे चारातला एक म्हणायचे. ऐकायलाही बरं वाटायचं.

झेबो : सातवीच्या अर्ध्या वर्गानं तेच लिहिलं होतं. मी खोडलं.

सनवबर : आणि कुर्बोनच्या नातीचं?

झेबो : तिचं बरोबर होतं.

सनवबर : असणारच. वरच्या आळीची, त्यातून पाटकऱ्याची नात. तुलाही उदाहरणाला आपलाच पाट सापडला.

झेबो : सफरचंदांची उदाहरणं करून मुलं कंटाळतात हो. या पोरीनं पुढं जाऊन चोवीस तासांना पाचानं भागलं. उत्तर आलं पाच तासांहून थोडं कमी.

सनवबर : आणि आपल्याला पाणी मिळतं किती?

झेबो : रात्रीच्या नमाजपासून पहाटेच्या नमाजपर्यंत. दिवसाच्या पाच नमाजांमधल्या पाच पाळ्या, त्यातली ही एक आपली. पण पाळ्या कुठं सारख्या असतात? आत्ता वसंतात रात्रीची पाळी चांगली आठ तासांची होते.

सनवबर : इतकी वर्षं वरचे म्हणत आले, बिचारे खालचे, एका वाट्यावर भागवतात. मीही मान खाली घालून ऐकून घेतलं. रात्र अल्लानं लांब केली, त्यात माझं काय चुकलं?

झेबो : तुमचं काहीच चुकलं नाही.

सनवबर : मग आता पाणी तोडणार ते. फळ धरायच्या दिवसांत जर्दाळूला पाणी नाही मिळालं, तर गळून जाईल सगळं. उद्या वर्गात सांग, बाईंचं चुकलं.

झेबो : खोटं सांगू?

सनवबर : खोटं कशाला? आज सोमवारचा रोजा आहे मला, खोटं बोलायला कशी सांगेन? तू फक्त तो धडा थोडा अर्धवट ठेव.

(फाटकाची कडी वाजते. वरच्या आळीचे पाटकरी कुर्बोन आत येतात.)

कुर्बोन : सलाम, आपा. बाई घरी आहेत ते बरं झालं. नातीनं काल चहाखान्यात पंचांना हिशेब करून दाखवला. आम्हाला चारपंचमांश. सगळ्यांनी दाढ्या कुरवाळल्या.

सनवबर : बसा, कुर्बोनभाऊ. मला रोजा आहे, तुम्ही चहा घ्या.

कुर्बोन : तुमचं पाणी कमी होणार याचं वाईट वाटतं हो. पण गणितापुढं कुणाचं काय चालणार?

झेबो : काका, मग पाट वर वळवायचा केव्हा?

कुर्बोन : तेच विचारायला आलो. रोज रात्री, पण केव्हा?

झेबो : रात्रीच्या नमाजनंतर पाचेक तासांनी. म्हणजे एक वाजून गेल्यावर.

कुर्बोन : रात्री एकला? पाटाच्या तोंडाची फळी कोण उचलणार?

झेबो : पाटकरी.

सनवबर : आणि बागांतून दारं धरायला वरची सगळी आळी. आमची माणसं धरतातच की रात्रीची. थंडी फार नसते. क्वचित साप निघतो एखादा.

कुर्बोन : हे पोरीनं पंचांना सांगितलं नाही.

झेबो : प्रश्नात विचारलं नव्हतं.

कुर्बोन : पंचांतला एकही रात्रीचा अंगणापलीकडं जात नाही. बाई, हिशेबात कुठं चूक निघते का बघा ना.

झेबो : नाही निघत, काका.

कुर्बोन : थोडीशी? एकचतुर्थांश वगैरे?

सनवबर : तिला खोटं बोलायला सांगू नका. मास्तरीण आहे ती.

कुर्बोन : बरं, पंचांचं मी बघतो. असू दे पाळी आहे तशी, म्हणतील ते. झोप कुणाला नको असते?

सनवबर : तुमचा वाटा आहे, केव्हाही या. आम्ही काही नाही म्हणत नाही.

कुर्बोन : पंच नाही येणार. पण नात ऐकत नाही. बॅटरीत नवे सेल घालून बसलीय. म्हणते, आपल्या बागेपुरती दारं मी धरीन, पण पाणी बरोबर वेळेला वळलं पाहिजे.

झेबो : एकटी?

कुर्बोन : माझे गुडघे रात्रीचे चालत नाहीत, बाई. तिचा बाप तिकडं परमुलखात कामाला. घरात आहेच कोण?

झेबो : आई, तुम्ही काय म्हणता?

सनवबर : काय बोलू? गणित बरोबर आलंय ना तिचं?

झेबो : पूर्ण बरोबर.

सनवबर : मग येऊ दे. त्या वेळेला मी मध्यरात्रीनंतरच्या जादा नमाजला उठलेलीच असते. फळी जड आहे, एका टोकाला मी लागेन.