तांबडीच्या दोन शिट्या

—मारलं म्हणजे काय, बोटं मोडली त्या कॅमेरेवाल्याची. या लाटण्यानं. हेच ते, घ्या हातात, बघा किती जड आहे—उडोनच्या जाड शेवया लाटायच्या म्हणजे असंच लागतं, हलकं लाटणं त्या पिठापुढे टिकत नाही. तुम्ही दारावरची पाटी वाचून विचारलंत म्हणून सांगितलं, नाहीतर खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कॅमेरेवाल्यांना इथं जेवण मिळणार नाही, अशी पाटी मी उगाच लावली असेल का? तुमच्या गळ्यात कॅमेरा नाही म्हणून तुम्हाला आत घेतलं. आजच्या दिवशी कॅमेरा न घेता इथं आलेले तुम्ही एकटेच असाल. कोट काढा की. नको? राहू द्या मग. हे मुळ्याचं लोणचं तोंडी लावा तोवर, पीठ अजून तुडवायचंय माझं. हो, तुडवायचं, हातानं मळून भागत नाही, या पिशवीत घालून वर उभं राहायचं. पूर्वी मला कंटाळा यायचा. आता नाही येत. एकेकाचं थोबाड आठवते आणि पाय देते.

तर तो उन्हाळ्यात आला होता. पिवळी घडीची शिडी दाराला टेकवून आत बसला, दोन वाडगे चापले, आणि मग मला विचारतो—काकू, ती अपघाताची जागा नेमकी कुठली हो? जागा. म्हणजे देवळाची वाट विचारावी तसं. त्याचा हात इथं टेबलावर पसरलेला, चांगला गुबगुबीत, आणि माझ्या हातात लाटणं. मी काही ठरवून नाही केलं. एकदाच मारलं. नाही, दोनदा. त्याच्या बोटांचा असा आवाज आला—कोवळा मुळा मोडतो ना, तसा. मग तो भुईवर बसून रडत म्हणतो, शिडी जुनी विकत घेतलीय मी, मी तेव्हा नव्हतोच. असेल. नसेल. पिवळ्या शिड्या तर काय पन्नास असतील. पोलीसठाण्यातल्या ओगावाराने मला बसवून घेतलं, म्हणाला, इत्सुको वहिनी, पुन्हा असं करू नका. मी म्हटलं, बरं. करणार नाही म्हटलं नाही मी, बरं म्हटलं.

तुम्ही शहरात या लोकांना बघितलं नसेल. रेल्वेगाड्यांचे फोटो काढणारी गरीब, चष्मेवाली माणसं वाटतात. इथं वळणावर एकदा जाऊन उभे राहा. पुढचे बसणार, मधले वाकणार, मागचे शिड्यांवर चढणार, आदल्या दिवशीच येऊन दगडावर चिकटपट्टी लावून जागा धरून ठेवणार—आणि त्यांच्या चौकटीत चुकून कुणी आलं, की झालं. गुरासारखे ओरडतात. मर, हो बाजूला, तुझ्या आईला. शाळेच्या पोरीला सायकलवरून खाली खेचलेलं मी बघितलंय. एकमेकांना पण सोडत नाहीत, एकाने दुसऱ्याच्या तोंडावर कॅमेऱ्याचं तिकाटणं मारलं होतं, दात आमच्या भातात पडलेले—खरंच सांगते, कापणीला सापडले. आणि कशासाठी हे सगळं? त्या तांबडीसाठी. डिझेलवर चालणारा रेल्वेचा एक जुना डबा, वर सायीचा रंग, खाली तांबडा, बाप्येमाणसानं रविवारी न्हाऊन बसावं तसा घासूनपुसून ठेवलेला. बाकी गाड्या जातात त्यांच्याकडे बघत नाहीत मेले.

आमचं पर्सिमनचं, केशरी गोड फळांचं झाड होतं तिथं वळणावर. आमच्या ह्यांच्या आजोबांनी लावलेलं. पानगळीत फळं लागली की बोगद्यातून बाहेर येणाऱ्या ड्रायव्हरला पहिलं तेच दिसायचं. ते या कॅमेरेवाल्यांच्या फोटोत आडवं यायचं. एके दिवशी सकाळी जाऊन बघतो तर बुंध्यापासून कापलेलं. आणि कापून आमच्याच शेतात ढकललेलं, फळांसकट. आमचे हे उकिडवे बसून बुंध्यावरचा भुसा हातानं पुसत राहिले. मी आरडाओरडा केला, शिव्या दिल्या, कोयता घेऊन निघाले. त्यांनी कोयता काढून घेतला आणि म्हणाले, अगं, झाडच आहे. असे होते आमचे हे.

रेल्वेतच गेली त्यांची हयात, रूळ ठोकण्यात. निवृत्त झाले तरी तांबडीच्या वेळेला त्या झाडाखाली जाऊन उभे राहायचे आणि हात करायचे. रोज. पाऊस असो, ताप असो. म्हणजे इथं सगळेच करतात हात, शेतातली माणसं करतात, बायका वाळत घातलेले कपडे सोडून करतात, आणि ड्रायव्हरने दोन शिट्या द्यायच्या, आखूड, पीं-पीं, की झालं, गेली गाडी. पण यांना जरा जास्तच होतं ते. त्याला कारण होतं. शिनोबु एवढासा असल्यापासून ह्यांच्या खांद्यावर बसून हात करायचा. मग मोठा झाला, आणि तांबडीवर ड्रायव्हर झाला—शिनोबु, आमचा मुलगा. हं. तसं सांगणार नव्हते मी. जाऊ द्या, आलं तोंडातून. पहिल्या दिवशी त्याने बापाला दोन शिट्या दिल्या तेव्हा हे घरी आले आणि न जेवता नुसते हसत बसले.

लोणचं संपलं? वाढते. खा हो, आज गिऱ्हाईक कुठलं येतंय, सगळे तिकडेच.

गेल्या पानगळीतली गोष्ट. हे आपले त्या बुंध्याजवळ जाऊन उभे. झाड गेलं म्हणून जागा सोडतील होय? आणि समोर दरडीवर ते सगळे, रविवार, ही गर्दी. ए म्हाताऱ्या, हो बाजूला. हे हलले नाहीत. म्हणाले, माझं शेत आहे. मग एकजण आला आणि त्यांना ढकललं. आमचे हे, ज्यांनी झाडासाठी हात उचलला नाही, त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली. त्या वरच्या घरातल्या किमिए म्हातारीने खिडकीतून बघितलं ते. मग त्यांच्यावर चार-पाच तुटून पडले. बुटांनी मारलं. म्हाताऱ्या माणसाला खाली पाडून बरगडीत बुटांनी. आणि त्या धक्काबुक्कीत एक पिवळी शिडी दरडीवरून गडगडत खाली गेली आणि रुळांवर आडवी पडली. तेवढ्यात बोगद्यात गाडीचा आवाज. तेव्हा कुठे हात थांबले सगळ्यांचे. शिडी काढायला एक मायेचा पूत उतरला नाही. हे उतरले. तोंड रक्तानं भरलेलं, आणि बोगद्याच्या दिशेने धावले, दोन्ही हात हलवत—

काय म्हणालात? हलवायचे नसतात, दोन्ही हात नुसते वर धरून उभं राहायचं असतं? ते मला नका सांगू. ह्यांना माहीत नव्हतं का? पण जन्मभर जो हात तांबडीला हलवलाय तो त्या घाईत वर गप्प कसा राहील? तुम्हाला बरी ठाऊक रेल्वेची कलमं. असो.

मी इथं होते, इथंच, या पिठावर उभी. आणि मी शिटी ऐकली. पीं-पीं. दोन, आखूड, रोजच्यासारख्या. मी म्हटलं, चला, भांडण मिटलं वाटतं. ऐकताय ना? शिनोबु बोगद्यातून बाहेर आला, बाप हात करताना दिसला, त्याने रोजच्यासारख्या शिट्या दिल्या. उजेडात यायला डोळ्यांना वेळ लागतो, आणि वळण तसं अंगावर येतं. रक्त दिसलं, शिडी दिसली, मग त्याने ब्रेक दाबला. आणि किमिए सांगते, गाडी ह्यांच्या अंगावरून जाईस्तोवर दरडीवर कॅमेऱ्यांचे आवाज चाललेच होते. कट कट कट कट. थांबलेच नाहीत. मी पोचले तेव्हा एकही शिडी नव्हती, एकही माणूस नव्हता. ओगावाराने शोधशोध शोधलं. इतके डोळे, इतके कॅमेरे, आणि बघितलं कुणीच नाही. मीच गोळा केलं ह्यांना. चपलेसकट पाय वेगळा होता. शिनोबु डब्याच्या पायरीवर बसून होता आणि त्याचा हात अजून शिटीची दोरी धरल्यासारखा वर.

वर्षभर तांबडी शेडमधे उभी होती. शिनोबुही शेडमधेच. डबे धुतो. घरी येतो, जेवतो, हूं की चूं नाही. मी बोलते, तो वाडग्यात बघतो. एकदा मी विचारलं, अरे, माझा राग आहे का तुला? तर उठून गेला. माझा एकुलता एक आहे हो तो, आणि त्या कुत्र्यांनी त्याच्याच हातून त्याचा बाप मारवला. मला त्यांच्यातला एकजण हवा होता. कुठलाही. मग म्हटलं, एकच का—

हसताय? नाही? मग असं का बघताय? सांगते. आज तांबडी वर्षानं पहिल्यांदा धावतेय, म्हणजे तेच सगळे येणार हे मला कळत होतं. दरडीवर फळ्या टाकल्यात त्यांनी काल संध्याकाळीच, शिड्या सरळ उभ्या राहाव्यात म्हणून. मी पहाटे गेले. आठवडाभराचं भज्यांचं तेल, डबाच्या डबा, ओतलं त्या फळ्यांवर. वरून भाताचा भुस्सा पसरला, दिसू नये म्हणून. आता गाडी बोगद्यात वाजली की हे सगळे एकदम पुढे रेटतात, दरवेळी, पुढचा शिडीवर, मागचा त्याच्या पाठीवर. रेटू देत. दरड सरळ रुळांवर उतरते. पडू देत गाडीखाली, बघू देत आपले पाय वेगळे झालेले. आणि घेऊ देत फोटो. त्यांच्या आया पण गोळा करू देत, टोपलीत.

ड्रायव्हरचं म्हणता? त्याचं काय व्हायचंय. इथला कुणी तयारच नव्हता त्या वळणावरून जायला, म्हणून किनाऱ्याकडच्या लाइनीतून कुणी एक उसना आणलाय, असं स्टेशनात म्हणत होते. बाहेरचा माणूस. त्याच्या हातून दोन मेले काय, चार मेले काय, तो आपल्या गावी जाऊन निजेल. मला त्याचं काय. मी त्याचं तोंडही बघितलेलं—

उठलात का? पिशवी कशाला उघडताय, पैसे राहू द्यात, अजून वाडगा कुठे—

ही टोपी. ही ड्रायव्हरची टोपी आहे.

तुम्ही आहात होय तो. अहो, मग तुम्ही इथं कसे? गाडी कोण—थांबा. सावकाश बोला. शेडवर कोण आलं सकाळी? कुणी हात जोडले तुम्हाला? 'एकदाच जाऊ द्या मला तिथून'—असं म्हणाला? त्याच्या तोंडून निघालं हे? तो तर मला डबे धुवायला जातो म्हणाला. म्हणाला. हो, म्हणाला खरा, वर्षात पहिल्यांदा बोलला, 'येतो, आई' म्हणाला, दाढी केली होती, भात दोनदा मागून घेतला. मी त्याच्याकडे बघितलंच नाही नीट. तेलाचा वास येतोय का हाताला, म्हणून मी हात धूत होते.

त्याच्याच हातून परत—

फोन ठेवा तो, वरच्या स्टेशनातून सुटली की बोगद्यात काही लागत नाही, आणि मधे ती कुठे थांबत नाही. पळा. मागच्या दारानं, बांधावरून सरळ, बुंधा दिसेल, तिथून रुळांवर. ते लोक तुम्हाला शिव्या देतील, अंगावर येतील, चौकटीत आलात म्हणून मारतील. मार खा, पण रुळांवरून हलू नका. मी येऊन काय करू, गुडघे बघताय ना माझे, आणि पोचले तरी त्याला वाटेल आई हात करतेय. तुम्ही जा. तुमच्या अंगावर कोटाखाली गणवेश असेल ना, काढा तो कोट आधी, त्याला गणवेश दिसू दे. हात हलवू नका. दोन्ही वर धरा आणि खांबासारखे उभे राहा, हलवलेत तर तो—हे लाटणं कशाला मागताय? नको, हातात काही नको, हातात काही असलं की माणूस हलवतो. जा हो. जा.

दार उघडंच राहू दे.

आला आवाज. बोगद्यातच आहे अजून.

शिटी नको. शिनोबु, बाळा, आज शिटी नको वाजवूस.