खिडकीकडचा कोपरा

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून ती बसली होती. शेजारी आजी-आजोबा कुजबुजत होते. आजोबांची कुजबुज अख्ख्या खोलीला ऐकू येत होती.

"डावा कान गेला गं माझा. घरी चार कोपऱ्यांत चार स्पीकर, आणि खिडकीकडचा ऐकूच येत नाही."

"काल रेकॉर्ड लावून खुर्ची उलटी फिरवली होतीत ना?"

"मागचे दोन नीट ऐकावेत म्हणून."

"तेव्हा कुठला कोपरा गप्प होता?"

"तोच."

"अहो, पण तेव्हा खिडकी उजव्या कानाशी होती की!"

"म्हणजे... स्पीकर गेलाय?"

"वायर निसटली असेल. उठा."

"स्पीकर गेलाय!" आजोबांनी लॉटरी लागल्यासारखं सगळ्यांना सांगितलं.

"हळू बोला, इथे आधीच सगळ्यांचे कान दुखताहेत. ताई, आमचा नंबर तुम्ही घ्या."