काकूंची चंद्री

अरे, आमच्या धंद्यात गिऱ्हाईक दूध घेत नाही, गाय घेतं. मला हे दादा गेल्यावर कळलं. मुरबाडला मामाचा गोठा आहे. तिथल्या देशी गाईंचं दूध माझा मोठा भाऊ परळ-लालबागच्या टॉवरांत पोचवायचा आणि गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर कडबा खाणाऱ्या चंद्री गाईचे व्हिडिओ टाकायचा. मागच्या महिन्यात तो अचानक गेला. तेरावं झालं आणि त्याच्याच पिशवीत बाटल्या भरून मी निघालो.

पहिली बेल परांजपे काकूंची.

"इतके दिवस दूध नाही! चंद्री बरी आहे ना?"

"चंद्री बरी आहे, काकू. दादा गेला."

"अरे देवा! एवढा गोड मुलगा!" काकूंचे डोळे भरले. "मग आता चंद्रीला चारा कोण घालतं?"

"मामा. आधीपण तोच घालायचा."

"कडबाच ना? कारखान्यातलं खाद्य नाही ना?"

माझं डोकं सटकलं. "काहीच नाही! दादा गेल्यापासून ती खातच नाही, नुसती रडते!"

काकूंनी बाटली परत माझ्या हातात दिली. "मग हे नको रे बाळा. दुःखी गाईचं दूध बाधतं. ती सावरली की कळव."

चंद्री तिकडे मजेत चरत होती. लिफ्टमध्ये रडलो मी.

चार दिवसांनी मेसेज टाकला, "काकू, चंद्री सावरली. मला वेळ लागेल."

लगेच उत्तर आलं, "सावकाश हं बाळा. उद्यापासून एक लिटर ठेव."