आईच्या तांब्यावरचं नाव

आम्ही चारकोपला नव्या घरात राहायला गेलो, त्या वर्षी माझ्या भावाने घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. त्यात सगळे पुरुषच. मी म्हटलं, "आईला घाल रे, तिच्या माहेरच्या नावासकट." आई तर गेलेली, आजोळचंही कुणी उरलं नव्हतं. तो म्हणाला, "नाव शोधून आण, घालतो."

आई घाटकोपरच्या शाळेत शिकलेली, म्हणून तिथे गेले. आजोळचं आडनाव ठाऊक होतं, ते आणि आईचं सुमती हे नाव सांगितलं. कारकुनाने जुनं रजिस्टर दोनदा चाळलं.

"बाई, त्या आडनावाच्या चार मुली आहेत, पण सुमती एकही नाही. लग्नाआधीचं नाव सांगा, दाखला देतो."

तेच तर मला हवं होतं.

घरी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "सुमती मीच ठेवलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं होतं."

"त्याआधीचं काय?"

"आठवत नाही गं. मी तिला 'अगं' म्हणायचो."

आईचा पितळी तांब्या काळा पडला होता, तो चिंचेने घासायला बसले. काठाखाली अक्षरं उमटली, 'चि. सौ. कां. द्वारका हिस मामाकडून.'

दुसऱ्या दिवशी तांब्याच घेऊन शाळेत गेले. कारकून म्हणाला, "पुरावा म्हणून भांडं पहिल्यांदाच आलं." पण चौघींत द्वारका होती, जन्मतारखेसकट.

बाबांनी चष्मा लावून दाखला वाचला, मग नाव पुन्हा एकदा वाचलं.

"चांगलं होतं की," ते म्हणाले. "मी कशाला बदललं?"