मामांची पाठ आणि शांताबाईचा पाय

मंडळी, मामांच्या शोकसभेसाठी हे चार शब्द लिहायचं मी टाळत आलो. काल कागद घेऊन बसलो आणि उठून वर्ध्याच्या एसटीत चढलो. तिथं माझं काहीच काम नव्हतं. आता तुमच्यासमोर उभा आहे.

वामनमामा, सेलूचे शिंपी. त्यांच्या पायांचा जुना इसब तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. मशीन थांबवून लाकडी पट्टीनं नडगी खाजवायचे. मी म्हणायचो, "मामा, रक्त निंगून राह्यलं." ते म्हणायचे, "निंगू दे बे. तुह्यासारखंच हाय थे, घरी टिकत नाई."

मग पाठ धरली. ताप आला. आपण काय म्हटलं? उसण भरली. उसण भरली की आपण पायाळू माणूस शोधतो, पायांकडून जन्मलेला. त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते म्हणतात. आपल्या गल्लीत अशी एकच, शांताबाई. बिचारी पिठाच्या हातांनी धावत आली. मामा पालथे पडून म्हणाले, "जोरानं हाण वं बाई, तुह्या नवऱ्याची पाठ समज." आपण सगळे हसलो. तिनं नुसता पाय टेकवला.

ते हसणं मला अजून ऐकू येतं. एसटीत येतं. जेवताना येतं.

मामा उठून बसले. बरं वाटते म्हणाले. त्या बरं वाटण्यावरच आपण थांबलो, मंडळी. मशीनचं पायडल हलेना, पाय बधिर झाले, तेव्हा कुठं वर्ध्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, खाजवून फुटलेल्या कातडीतून जंतू रक्तात गेले, रक्तातून मणक्यात, तिथं पू झाला. मी विचारलं, "पाय लावल्यानं?" म्हणाले, "नाही. तुम्ही उशिरा आणलं."

तरी गल्ली काय म्हणते? बाईच्या लाथेनं कणा मोडला. मयतीला तिला फाटकातून परत पाठवलं. कोणी? आपणच. आणि तिला बोलावलं कोणी होतं? आपणच.

दवाखान्यात मामा मला म्हणाले, "शांतेले कोणी बोल लावला त तू पाह्यजो. तिचा पाय मले फुलावानी लागला."

एवढंच सांगायचं होतं. आता मामांसाठी आपण दोन मिनिटं उभे...

थांबा. मागून सांगतायत, शांताबाई आली आहे. बाहेर चपलांपाशी उभी आहे.

मंडळी, उभं तर राहायचंच आहे. दारातले जरा बाजूला व्हा. तिला आत येऊ द्या. मग गप्प राहू.